दर्याचा राहिलेला नारळ

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी मऊ भात शिजवत होतो. शुद्धीवर आले की मला तुमच्याच हातचा भात हवा, असं लीलाने ऑपरेशनला आत जाताना बजावलं होतं. मुलगा फोनवर नुसताच "बाबा... बाबा..." करत राहिला. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. गॅस कोणी बंद केला, ते मला आजही ठाऊक नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, सगळा जन्म साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथवर गेला. लिहायला बसलं की हात आखडतो. पण माझ्या बायकोबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला चालणार नाही.

तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली तेव्हाच मुलाने क्रूझची तिकिटं काढली. मुंबई ते गोवा आणि परत. त्या फेरीनंतर बोट काही महिने दुरुस्तीला जाणार होती, म्हणून तिकीट स्वस्त. मी साफ नाही म्हटलं. जुनी बोट, आजारी बाई, आणि चारी बाजूला पाणी! डॉक्टरांनी होकार दिला तरी मी हटलो नाही. लीला हसली. "अवो, बोट पण दुरुस्तीक जातली, मी पण. आमी दोघी जरा फिरान येतंव. तुमी बसा घरात." तिला एकटीला सोडण्यापेक्षा बुडालेलं बरं, म्हणून गेलो.

ती मालवणची, दर्याकाठची. लग्न करून स्टीमरने मुंबईला आली तेव्हा तिच्या आईने दर्याची ओटी भरून नारळ सोडला होता. मी आतल्या गावचा, त्या वेळी सगळा रस्ता ओकत आलो. ऑपरेशनच्या आधी आपणही दर्याला तसाच नारळ द्यायचा, असं तिने मनाशी धरलं होतं. बंदरावर सामान तपासणाऱ्या माणसाने पिशवीतून शेंडीचा नारळ बाहेर काढला. "काका, हा आत नाही जाणार." मी भडकलो. "का रे? बॉम्ब आहे का तो? देवाचा आहे!" लीलाने मला कोपराने ढोसलं, "गप ऱ्हवा हो." त्याने नारळाला चिठ्ठी बांधली आणि कपाटात ठेवला. परतताना घेऊन जा म्हणाला. देणं द्यायला निघालो आणि नारळच मागे राहिला...

बोट आतून थकलेली होती. गालिचे झिजलेले, भिंतीचे पापुद्रे सुटलेले, आणि चालताना कुठेतरी सारखं करकरायचं. मशीनचा आवाज मला कळतो, पण तिथे काही कळेना. मी केबिनमध्येही बूट काढले नाहीत. दुपारी ती डेकवरच्या खुर्चीत झोपली. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबकळलेला. मी हाक मारली, उत्तर नाही. वाकून तिच्या नाकाशी बोट धरलं. डोळे न उघडताच ती म्हणाली, "जिती आसंय अजून. निजाक द्या."

संध्याकाळी तिने पिशवीतून तांदूळ, सुपारी, खण काढला. कठड्याचा रंग उडून लोखंड उघडं पडलेल्या एका कोपऱ्यात कुंकू लावलं, खण बांधला, आणि बोटीचीच ओटी भरली. मी म्हटलं, "नारळाशिवाय ओटी? लीला, हे बरं नाही गं. उद्या काही झालं म्हणजे?" तिने खणाची गाठ घट्ट केली. मग हळूच म्हणाली, "बरी होवन येतंय, मगे दितंय दर्याक. नारळ खंय पळान जाता?" डेक पुसायला आलेल्या बाईने ते कुंकू पाहिलं, तेवढं सोडून बाकीचं पुसलं. मी मात्र रात्रभर तिचा श्वास ऐकत पडून होतो.

परतल्यावर नारळ मिळाला. तिने तो घरी देवांजवळ ठेवला आणि त्याच आठवड्यात ऑपरेशनला गेली.

बोट परत आली, म्हणे. नवा रंग, नवे गालिचे. मुलाने फोनवर फोटो दाखवायला घेतले, मी मान फिरवली. लोक म्हणतात, काका, जुहूला जाऊन नारळ सोडून द्या, तिला बरं वाटेल. सून म्हणाली, खराब होण्याआधी फोडू या. मी कोणाला हात लावू देत नाही. देईन असं ती म्हणाली होती, मी नव्हतो म्हणालो. रोज आंघोळ झाली की तो कानाशी धरून हलवतो. आत पाणी वाजतं. पूर्वीपेक्षा कमी वाजतं... तरी हलवतो.