समोरच्या भिंतीचा कर

शिवायला आलेला कुठलाही कपडा मावशी आधी उलटा करायची. "मांगून पाहा. समोरून तं सारंच चांगलं दिसते," हे तिचं ठरलेलं वाक्य. माझ्या लग्नाचा सदरा मी दुसऱ्याकडून शिवून घेतला, तेव्हा तिनं भर मांडवात माझी कॉलर उलटी केली आणि नाक मुरडलं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. नसेल तर तुमचं नशीब फुटकं.

माहेर इंझोरीचं, सासर आमच्या गल्लीत. शिवणयंत्रावर संसार ओढला आणि उतारवयात लोकांनी हट्टानं तिला नगरसेविका केलं. त्याच काळात घरपट्टीसाठी आमच्या मालमत्तांची नवी मोजणी झाली.

आमच्याकडे चौदा एप्रिलच्या आधी प्रत्येक घराची समोरची भिंत रंगते. पोटाला चिमटा काढू, पण जयंतीला भिंत कळकट ठेवणार नाही. मोजणीवाले नेमके त्याच आठवड्यात आले. मोटारसायकलवरून न उतरता त्यांनी समोरून फोटो काढले. आम्ही येडे! जयंतीचेच फोटो असतील असं समजून दारात उभे राहून हसलो. मागे कुडाच्या भिंती, वर गंजके पत्रे, आणि कागदावर सगळी घरं पक्की. घरपट्टी दुप्पट होणार होती.

नगरपालिकेच्या अर्थसंकल्पाच्या सभेला मी प्रेक्षकांत बसलो होतो. तिथं विषय कोणी वाचत नाही. नुसता क्रमांक पुकारतात आणि बाकं वाजतात. स्वागत कमान मंजूर, कारंजं मंजूर. नळाला पाण्याचा पत्ता नाही आणि यांना कारंजं हवं! करवाढीचा क्रमांक आला तशी मावशी उठली.

"थांबा. आधी आमच्या गल्लीतले घरं मांगून पाहाले चाला. मंग कर लावा."

अध्यक्ष हसले. "ताई, फोटो हायेत ना. घर रंगवाले पैसा हाय, अन् कर द्याले काहून रडता?"

सगळं सभागृह हसलं. त्या हसण्यानं आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"रंग आमी आमच्या बापासाठी देतो साहेब, तुमच्या कमानीसाठी नाही."

हसणं थांबलं. आधी पाहणी करू, विषय पुढच्या सभेत घेऊ, असं अध्यक्षांना म्हणावं लागलं.

त्या दिवसापासून मावशीनं मशीन उचलून मागच्या दाराशी नेली. "साहेब आले तं मांगूनच घेऊन येजो," असं मला रोज बजावायची. पत्रा तापायचा, ती घाम पुसत तिथंच शिवत बसायची.

"मावशी, ते नाही येत. समोर सावलीत बस."

"कसे नाही येत? चारचौघांत शब्द देला त्यायनं."

जन्मभर दुसऱ्यांची शिलाई उलटून पाहणारी ही बाई तेवढा एक शब्द उलटून पाहायला विसरली. एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. मी धावत पोचलो तेव्हा तिची मान मशीनवर टेकली होती, आणि सुईखाली कोणाचं तरी झबलं अर्धवट राहिलं होतं.

पुढची सभा शोकप्रस्तावानं सुरू झाली. सगळे मान खाली घालून उभे राहिले, बसले, आणि लगेच करवाढीचा क्रमांक पुकारला गेला. बाकं वाजली.

"मांगून पाहा!" मी ओरडलो. शिपायानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. बरंच केलं. आत राहिलो असतो तर माझ्या हातून भलतंच काही झालं असतं.

एप्रिल आला. यंदा भिंती रंगवायच्या की नाही, यावरून गल्लीत कुजबुज सुरू झाली. मी कोणाला विचारलं नाही. बादली घेतली आणि मावशीच्या घरापासूनच सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली, वर निळा पट्टा. मागे कुणालाही हात लावू दिला नाही. कूड तसाच आहे, पत्रा तसाच आहे, दाराशी तिची मशीनही तशीच ठेवली आहे. ते पाहायला येणार आहेत ना.