कणसांच्या टोप्या

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी आणि बाबा ज्वारीच्या कणसांवर कागदी पिशव्या चढवत होतो. सावंगीच्या दवाखान्यातून त्यांची मुलगी बोलत होती. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते पुढच्या झाडाकडे वळले. फुलोरा कुणासाठी थांबत नाही... अंधार पडेपर्यंत आम्ही पिशव्या बांधत राहिलो. त्याला आता काही आठवडे झाले, पण तो थकवा अजून हातांत आहे.

मॅडम आम्हाला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात तोंड उघडायची भीती वाटे. त्यांनीच एकदा विचारलं, "हिंगणीला तुमचं शेत आहे ना? थोडी जागा द्याल?" कमी पाण्यात, फवारणीशिवाय तग धरणाऱ्या एका जुन्या ज्वारीवर त्यांचं संशोधन चाललं होतं. तिचं बी आता फारसं कुणाकडे उरलं नव्हतं. शेजारच्या संकरित ज्वारीचे पराग लागून ते भेसळू नये, म्हणून फुलण्याआधीच कणसं झाकायची. आई हसायची, "मॅडम, कणसाले टोप्या काऊन घालून राह्यल्या? थंडी वाजते का त्याइले?"

पहिल्या वर्षी ऐन फुलोऱ्यात बाबांनी सगळ्या पिशव्या काढून टाकल्या. झाडं गुदमरतील असं त्यांना वाटलं होतं. मॅडमनी येऊन उघडी कणसं पाहिली. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही त्याइले हवा खायले सोडलं, अन् त्याइनं शेजारी लग्न जमवून टाकलं." बाबाही हसले. पण ते बी पेरायच्या कामाचं राहिलं नव्हतं.

मग त्या आजारी पडल्या. यंदा पेरणीला आल्या तेव्हा डोक्याला रुमाल होता, आवाज खोल गेला होता. डब्यातलं उरलेलं बी त्यांनी बाबांच्या ओंजळीत ओतलं. "हे शेवटचं, भाऊ."

"मले काऊन देता? मीच तं नास केला."

"म्हणूनच देते. तुम्ही आता विसरणार नाई."

परवा मी आणि बाबा शेतात गेलो. पिशव्या काढायची वेळ झाली होती, तशाच राहिल्या तर दाण्याला बुरशी धरते. पण बाबा हात लावेनात. "मॅडमले इचार बरं एकडाव," ते सवयीने म्हणून गेले.

मी एक पिशवी उचलून आतला दाणा मॅडमसारखाच दोन बोटांत दाबून पाहिला. टणक होता, आता परागांची भीती नव्हती.

"काढा, बाबा."

त्यांनी एकेक पिशवी काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली.