मिठाची अकरा पोती

नोकरीत शेकडो पंचनामे केले. मिठाच्या पोत्यांसाठी मात्र एकदाच निघालो, आणि तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे.

सीमेवर युद्ध पेटलं होतं. मी जाफराबाद भागात नेमणुकीला होतो. मोबाइलवर कुणीतरी पसरवलं, आता मीठ मिळणार नाही. सकाळपासून किराणा दुकानांपुढे रांगा. आमचे निम्मे शिपाई बंदोबस्ताला. दुपारी ठाण्यात निनावी फोन आला : "गिरणीवालीनं घरात मिठाची पोती उतरवलीत. साठेबाजी हाय."

दोन पंच आणि हवालदार घेऊन पोचलो, तर दारापुढे शे-दीडशे माणसं, आवाज चढलेले. बाई तिशीतली, पिठाची गिरणी चालवणारी. नवरा फौजेत, सीमेवर. आतल्या खोलीत खरंच अकरा पोती.

दार लोटून विचारपूस केली. "ताई, एवढं मीठ कशाला?"

"विकायला, साहेब. सकाळी जालन्याला गेल्ते. ठोक बाजारात मिठाच्या थप्प्या लागल्यात. इथं फोन करून सांगितलं तर कुणी मानंना. मंग म्हटलं, आणून दाखवावं."

"मग घरात का ठेवलं?"

"आत्ताच तर जीप खाली झाली. गिरणी उघडायच्या आधीच ही गर्दी."

जीपवाल्याला बोलावलं, जालन्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तिचा शब्दन् शब्द खरा निघाला. गुन्हा नव्हताच, पण जमावाला ते कोण पटवणार? शेवटी तीच म्हणाली, "पोती ओट्यावर मांडू द्या."

मांडली. तिनं सगळ्या पोत्यांची तोंडं उसवली, रोजचाच भाव सांगितला. "ज्याला जेवढं लागतं तेवढं न्या. सरलं तर उद्या अजून आणते."

शेजारचे एक वृद्ध चाचा पुढे झाले. "एक किलो दे बेटी. घर में दो ही लोग हैं." कुणीतरी हसलं, मग सगळेच. तासाभरात गल्ली रिकामी झाली आणि आठ पोती तशीच उरली.

मागे एक गृहस्थ रेंगाळले होते. "साहेब, फोन मीच केल्ता. माझ्याच घरी चार पोती हायेत."

बाई म्हणाली, "राहू द्या काका, लोणच्याला लागतील."

संध्याकाळी घरी आलो, तर स्वयंपाकघरात मिठाच्या सात पिशव्या. पत्नीवर रागावणार कसा? त्यातली एक सकाळी मीच शिपायाकरवी मागवली होती.

पुढे कुठल्याही जमावापुढे उभा राहिलो, की आधी असा एक माणूस शोधायचो, जो आपल्यापुरतं घेऊन घरी जाईल. तो निघाला, की बाकीचेही निघतात.