जाळ्यांच्या शेडमधला विसावा

गावच्या देवीशी भांडायचं ठरवूनच मी त्या वर्षी रजेवर घरी, मसुऱ्याला आलो होतो. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमची पलटण लंकेत लढत होती आणि मी पलटणीचा धर्मगुरू. पूजा, आरती, आणि कुणी पडला तर त्याचे शेवटचे मंत्र. शिवाय आघाडीच्या मागे मी पोरांसाठी विसाव्याची एक जागा चालवायचो. चहा, कॅरम, रेडिओ, कोपऱ्यात देव. आघाडीवरून दमलेली पोरं यायची, दोन घास खायची, हसायची आणि ताजीतवानी होऊन पुन्हा मरायला जायची. बोकडाला कापण्याआधी हार घालतात ना, तेच माझं काम आहे असं मला वाटायला लागलं होतं. आता परत जायचं नाही, नोकरी सोडायची, एवढं मनाशी पक्कं केलं होतं.

जागा तरी धड मिळावी की नाही. मी शाळेचा हॉल मागितला होता. साहेबांनी दिली ती समुद्रकाठची, जाळी ठेवायची शेड. खारं वारं, ओल्या भिंती, देवाच्या तसबिरीला बुरशी. लाटांच्या आवाजात माझे मंत्र मलाच ऐकू येत नसत. मी रोज चडफडायचो. तिथे मालवणचा, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या घरातला एक मुलगा यायचा. आरतीला कधी उभा राहिला नाही. आला की बूट काढायचा, समुद्राकडच्या भिंतीशी आडवा व्हायचा आणि घोरायला लागायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, देवाच्या पाया तरी पड." तो डोळे मिटूनच म्हणाला, "गुरुजी, उठल्यार पडतंय." उठल्यावर खरंच पाया पडायचा आणि जायचा. एकदा असाच गेला, तो परत आला नाही.

मसुऱ्याहून मालवण जवळच, त्यामुळे रजेत त्याच्या आईला भेटणं टाळता येईना. मालवणच्या किनाऱ्यावर तिचं घर, बाजारात मासे विकायची. मी जाताना वाक्यं जुळवून गेलो होतो. वीरमरण, स्वर्ग, आत्मा अमर आहे, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्या सगळा सायबांनी सांगल्यानी. माझो झील थंय निजा काय, ता सांगा."

मुलगा तिथे झोपायचा का, हे ती का विचारतेय ते मला कळेचना. मग तिने सांगितलं की लाटांच्या आवाजाशिवाय त्याला लहानपणापासून झोप येत नसे. मामाकडे घाटावर नेलं तर रात्रभर टक्क जागा. पलटणीतून रजेवर यायचा तो डोळे खोल गेलेला. "लढायेत माझा प्वार निजल्याशिवाय गेला, ह्याच माका खाता," ती म्हणाली.

मी तिला शेडबद्दल सांगितलं, भिंतीपलीकडच्या लाटांबद्दल सांगितलं. म्हटलं, "काकी, तो घोरायचा. चहा निवून जायचा तरी उठायचा नाही." पदर तोंडाशी धरून ती रडली. मीही रडलो. खूप वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आता थंय कोण आसा?"

"कोणी नाही. बंद आहे."

"मगे तुमी हंय कित्याक बसलात?"

मी इथे कशाला बसलोय, हाच प्रश्न घेऊन उठलो. मसुऱ्याला येऊन देवळात गेलो. भांडण होतं ते होतंच. तो पोरगा का नेलास, याचा जाब देवीने अजून दिलेला नाही आणि मीही तो विसरलेलो नाही. पण मी मागितलेला हॉल मिळाला असता, तर त्या आईला मी काय सांगितलं असतं? ती शेड माझ्या सोयीसाठी नव्हतीच. मी हात जोडले आणि म्हटलं, तुला ठेवायचं तिथे ठेव मला. रजा उरली होती, तरी लंकेला परत निघालो.

शेड उघडली त्या दिवशी आघाडीवरून पोरं आली. आरती मी एकट्यानेच केली, घंटा न वाजवता. पोरं झोपली होती.