उडीचं माप

सायमनभाऊ चौलकर मेणबत्तीवर गोळी धरायचे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथला लावलेल्या मेणबत्त्यांची उरलेली थोटकं ते त्यासाठी जपून ठेवत. काजळी धरलेली गोळी दारू नसलेल्या काडतुसात बसवायची, ते रायफलीत सारायचं, अलगद बाहेर काढायचं आणि भिंगातून पाहायचं. काजळीवर ओरखडे दिसले, की गोळी नळीतल्या पीळदार खाचांना टेकली. टेकू द्यायची नाही, फार लांबही ठेवायची नाही. मधल्या केसभर अंतराला ते उडी म्हणत. "प्रत्येक रायफलीची उडी वेगळी, डॉक्टर. माणसासारखी ओळखावी लागते."

साठीच्या दशकातल्या लेस्टरमध्ये मराठी कानावर पडणं कठीणच. मी हॉस्पिटलात सर्जरीचा ज्युनिअर, एकटा. ते फॅक्टरीत टूलमेकर, मूळचे रेवदंड्याकडचे बेने इस्रायली. रायफल क्लबात माझं आडनाव ऐकलं आणि हाताला धरून घरी जेवायलाच घेऊन गेले. पुढे माझे सगळे रविवार त्यांच्या शेडमध्येच गेले.

क्लबाच्या रायफलीवर माझा नेम भाऊंच्या तोडीचा होऊ लागला होता. मी स्वतःची रायफल घेतली तेव्हा ते म्हणाले, "ठेव माझ्याकडे चार दिवस. माप मी काढतो." परत देताना सोबत एक नमुन्याचं काडतूस दिलं. "सगळी याच लांबीची भर. सूतभरही इकडेतिकडे नको." ते माप पडताळून पाहणं मला त्यांचा अपमान वाटला असता.

माझ्या गोळ्या मात्र टार्गेटभर विखुरत. एकदा भीतभीत विचारलं, "भाऊ, माप चुकलं असेल का?"

"माझं माप चुकत नाही. तुझा हात थरथरतो रे, बारीकसा. ऑपरेशन थिएटरमध्ये जाणवत नाही तुला?"

तोवर जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून टाके घालताना मी स्वतःच्या बोटांकडे पाहू लागलो, आणि माझं अडखळणं माझ्या वरच्या कन्सल्टंट सर्जनच्याही लक्षात आलं. त्या वर्षी काउंटीच्या संघात एकच जागा होती, आम्हा दोघांपैकी एकाला. ती भाऊंना मिळाली आणि मी मनापासून टाळ्या वाजवल्या. हिवाळ्यात सर्जरी सोडून जीपी, म्हणजे साधा फॅमिली डॉक्टर झालो. भाऊंना सांगितलं, तर त्यांनी पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस," म्हणाले.

दहाएक वर्षांनी त्यांची नजर गेली. लेकीकडे एडिनबराला निघताना हत्यारांची पेटी मला दिली. तिच्यात तंबाखूच्या डबीत एक नमुन्याचं काडतूस होतं. त्याला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात माझं नाव. माझ्याकडच्या नमुन्याशेजारी उभं केलं. हे जरा लांब होतं.

मी मेणबत्ती पेटवली. डबीतल्या नमुन्याची गोळी खाचांच्या अगदी जवळ पोचत होती. मला दिलेली कितीतरी मागेच राहत होती. अडगळीतली रायफल काढून नव्या मापाची पाच काडतुसं झाडली. पाचही छिद्रं दहा पेनीच्या नाण्याखाली झाकली गेली. रायफल तीच, हातही तोच.

मला भयंकर राग आला. संघातली जागा त्यांनी मागितली असती, तर मी हसत दिली असती. त्यासाठी माझा हात काढून घ्यायची काय गरज होती? आणि ती डबी पेटीत विसरली, की मुद्दाम ठेवली, हेही मला कधी कळलं नाही.

त्यांच्या नव्या वर्षाला एडिनबराहून कार्ड आलं. लेकीकडून लिहवून घेतलेलं, पण शब्द त्यांचेच. "डॉक्टर, हात कसा आहे आता?"

मी ते पाच छिद्रांचं टार्गेट घडी करून पाकिटात घातलं. सोबत एक ओळही लिहिली नाही; छिद्रं त्यांच्या बोटांना कळली असती. वरचा पत्ता लिहिताना मात्र हात खरोखरच थरथरत होता.