खाच: सोलापूर ते मालवण, चार फुटी ऑस्ट्रॅकॉडसोबत

सोलापूरची माणसं मालवणला मासे खायला जातात. आम्ही गेलो ते पिकअपच्या हौद्यात एक समुद्री प्राणी घालून. चार फूट लांब, फायबरचा, आणि धक्का लागू नये म्हणून सोलापुरी चादरींत गच्च गुंडाळलेला. खरा प्राणी तिळाएवढा असतो, हे वाटेत ज्याला ज्याला सांगितलं त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

मी शुक्रवार पेठेत राहते आणि भवानी पेठेत माझा मॉडेलांचा छोटा कारखाना आहे. शाळा-कॉलेजांना लागणारे कान, डोळे, हृदयं आणि मूत्रपिंडं आम्ही करतो. मूत्रपिंडं फार खपतात. इतकी खपतात की स्वप्नातसुद्धा तीच येतात. त्यामुळे मालवणजवळच्या एका शाळेत समुद्रजीवांचं दालन उभं करणाऱ्या सुलभा मॅडमनी फोनवर विचारलं, "ऑस्ट्रॅकॉड कराल का हो?", तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. त्यांनी साफ सांगितलं होतं, हे एक बरोबर उतरलं तर दालनातली बाकीची सगळी मॉडेलं तुम्हीच करायची. नाही उतरलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. पुन्हा मूत्रपिंडं.

ऑस्ट्रॅकॉड म्हणजे शिंपल्यात राहणारी कोळंबी समजा. बाहेरून दोन झडपांची गोलसर कवची, पाठीवर बिजागरी, मधोमध एक स्नायू जो ओढला की झडपा बंद. आत मात्र सगळा संसार. मॅडमना हव्या असलेल्या सिप्रिडिना जातीला दोन्ही बाजूंना एकेक काळा डोळा, वर मधे आणखी एक बारका. पाठीकडे हृदय. वरच्या ओठात निळा उजेड सोडणारी ग्रंथी, तिथे मी निळा बल्ब बसवला. अवयवांच्या सात जोड्या: पहिली चाचपायला, दुसरी पोहायला, मधल्या खायला-धरायला. सातव्या जोडीच्या तर मी प्रेमातच पडले. गांडुळासारखी लांब, हवी तशी वळणारी, टोकाला ब्रश. तिचं काम एकच, कवचीच्या आतली झाडलोट. आत अंडी असतील तर तीही पुसून घ्यायची. घरातल्या केरवाऱ्यासाठी वेगळे हात असावेत, ही कल्पना कुठल्या तरी बाईलाच सुचली असणार असं मला राहून राहून वाटत होतं.

पोहायच्या दुसऱ्या जोडीला लांब लांब केस असतात. ते मी यंत्रमागाच्या नायलॉन दोऱ्याचे केले. प्रवासात मोडतील म्हणून ती जोडी काढून वेगळ्या खोक्यात भरली, जागेवर गेल्यावर बसवायची होती.

मग कवची नरसय्या काकांच्या ताब्यात दिली. काकांचं आयुष्य गणपतीच्या मूर्तींवर शेवटचा हात फिरवण्यात गेलं. घरी तेलुगू, आमच्याशी अस्सल सोलापुरी. रंगकामात त्यांचा हात धरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी बिलांच्या आणि पावत्यांच्या मागे धावत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात आले तर काका मॉडेल चादरींत बांधून, स्वतःची रंगाची पिशवी खांद्याला लावून तयार. "मी बी येतो अम्मा. आमचा देव कुटं बसतो ते बगायला नगं?"

पिकअप वळसंगच्या सिद्धूचा. घरच्यांशी फोनवर कन्नड, आमच्याशी मराठी आणि रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांशी हॉर्न. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, हा रस्ता आता सुरेख झालाय. गाडी स्वतःची असेल तर पहाटे निघून संध्याकाळी मालवण गाठता येतं. आमच्यासारखा नाजूक माल असेल तर कोल्हापुरात मुक्काम करा, स्टँडजवळ साधे लॉज भरपूर आहेत. डबा घरचा न्या. कडक भाकरीला आणि शेंगाचटणीला दोन दिवस काहीही होत नाही आणि हॉटेलचे पैसे मालवणच्या माशांसाठी उरतात.

सांगोल्याला चहाला थांबलो. टपरीवाल्याची नजर हौद्यावरून हटेना.

"मूर्ती हाय का ओ?"

"किडा हाय," सिद्धू म्हणाला.

"एवडा?"

"खरा तिळाएवडा. ह्या मॅडमनी मोटा केला."

टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता विचार केला. "मग तिळाएवडाच न्यायचा की. डिझेल वाचलं असतं."

सिद्धू पुढे मिरजेपर्यंत हसत होता.

दुसऱ्या दिवशी राधानगरीवरून फोंडा घाट. या रस्त्यानं जाणार असाल तर घाईनं जाऊ नका. दोन्ही बाजूंना दाट झाडी, वळणावळणांवर थंड हवा, आणि आमच्या दुष्काळी डोळ्यांना इतकं हिरवं एकदम झेपत नाही. घाटाआधी एका गावात गाडी थांबली तेव्हा दोन बायका जवळ आल्या, चादरीतल्या आकाराला हात जोडले आणि पुढे गेल्या. काका हौद्यात त्याच्या शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "काका, सांगायचं नाही का?"

"काय सांगू? हात जोडल्यानं काय बिगडतंय?" असं म्हणून त्यांनी चादरीची सुटलेली गाठ पुन्हा मारली.

दुपारी शाळेत पोचलो. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी. चादरी सुटल्या आणि मला माझाच अभिमान वाटला. कवचीवर काकांनी असा काही पारदर्शक मोतिया रंग चढवला होता की आतले डोळे खरोखर कवचीतून दिसल्यासारखे वाटत होते. सुलभा मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, बोलणं मोजकं. मॉडेलभोवती एक फेरी मारली. मान डोलावली. सातव्या जोडीचा ब्रश पाहून चक्क हसल्या. मग कवचीच्या पुढच्या कडेवर त्यांचा हात फिरू लागला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"हिची खाच कुठाय?"

या जातीच्या कवचीला समोर, चोचीसारख्या टोकाखाली, दोन्ही झडपांना खाच असते. पोहायचे हात त्यातून बाहेर येतात. ती मी स्वतः कापली होती. आता तिथे गुळगुळीत, चकचकीत, सलग कड होती.

"ते तुटल्यालं होतं की," काका मागून आनंदानं म्हणाले. "दोनी बाजूला. मी निगायच्या आदल्या रातीच पुट्टी भरून बरोबर केलं. आपल्या हातनं खंडित माल बाहीर जात न्हाय, मॅडम."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मोठ्यानं बोलले, एवढं खरं. दोन महिन्यांचं काम, उद्या सकाळी मुलं येणार, आणि जन्मात कधी पोहू शकणार नाही असा प्राणी मी चारशे किलोमीटर वाहून आणला होता. काकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मॅडमनी आवाज चढवला नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी भोकं पाडलेल्या बाटलीत माशाचा तुकडा घालून ती खाडीच्या तोंडाशी सोडली होती. त्यात सापडलेले जिवंत ऑस्ट्रॅकॉड टेबलावरच्या बशीत होते. त्यांनी काकांसाठी सूक्ष्मदर्शकापुढे खुर्ची ओढली. "बसा काका. मी लावून देते."

काका वाकले. एक डोळा मिटायचा की उघडा ठेवायचा यात थोडा वेळ गेला. मग ते स्थिर झाले. मी ते दृश्य नंतर पाहिलं म्हणून सांगते. कवची घट्ट मिटलेली आणि फक्त समोरच्या खाचेतून दोन केसाळ हात वल्हं मारल्यासारखे सपासप चालू. दार बंद ठेवून घर पळवायची सोय. ती खाच नसती तर पोहायला झडपा उघडाव्या लागल्या असत्या, आणि उघड्या झडपांत कोण कधी तोंड घालील याचा नेम नाही.

काका बराच वेळ वर बघेनात. "हितनंच बाहीर येतंय," ते म्हणाले. नंतर पुन्हा, हळू, "हितनंच."

मी करवतीचं पातं घेऊन पुट्टी कापायला लागले होते. राग हातात उतरला होता, त्यामुळे पातं सटकलं आणि मोतिया रंगाचा एक टवका उडाला. काकांनी माझं मनगट धरलं.

"सोड अम्मा. भरताना माजा हात होता, काडताना बी माजाच."

त्यांनी कवचीला हात लावून नमस्कार केला आणि पातं चालवलं. आयुष्यभर ज्यानं तुटलेलं जोडलं, त्याला धडधाकट वस्तू कापताना बघणं मला जड गेलं. पुट्टी निघाली, माझी मूळ खाच उघडी पडली. तेव्हा काकांनी मला जवळ बोलावलं. "ही कड बग." मी बघितली. करवतीचे दात तसेच, फायबरचे धागे बाहेर आलेले. मॉडेल झाल्यावर काका कड घासून घेतीलच म्हणून मी ती तशीच सोडली होती आणि त्यांना सांगितलं मात्र काहीच नव्हतं. "अशी कड तुटल्याची असती. मुद्दाम केल्याली कड अशी नसती."

मग कानस, मग पॉलिशपेपर, मग रंग. अंधार पडायच्या आत खाचेची कड आतल्या बाजूला अशी वळली की तिथून बोट फिरवावंसं वाटावं. खोक्यातले केसाळ पोहायचे हात मी तिथून बसवले. मॅडमनी एकदा सूक्ष्मदर्शकात, एकदा मॉडेलकडे पाहिलं आणि चहा मागवला. त्या चहाला मी कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त किंमत देईन. रात्री शाळेमागच्या खानावळीत सुरमईची थाळी खाल्ली. वाढणाऱ्या मावशी "अजून भात घालू काय गो?" म्हणत भात घालतच राहिल्या. काका शाकाहारी नाहीत, तरी त्या रात्री सोलकढी आणि भातच जेवले. मी त्यांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "जेव आदी."

सकाळी मुलं आली. भाषणं झाली. मुलांनी भाषणं ऐकली नाहीत, त्यांना मॉडेल दिसत होतं. मॉडेलपुढची दोरी सुटल्याबरोबर पहिलीच मुलगी पुढे झाली, खाचेत हात घातला आणि पोहायचा हात धरून ओढला. "गे बाय, ह्येचो हात हलता!" मग रांगच लागली. प्रत्येकाचा हात आधी खाचेतच जात होता. काका भिंतीला टेकून उभे होते आणि प्रत्येक मुलागणिक त्यांची मान किंचित हलत होती. निघताना मॅडमनी पुढच्या मॉडेलांची चित्रं माझ्या हातात ठेवली. पहिलं समुद्रघोड्याचं आहे.

मालवणला जाल तर किल्ला बघा, मासे खा, पण एखादी दुपार अशा एखाद्या सूक्ष्मदर्शकापुढेही काढा. समुद्र किनाऱ्यावरून दिसतो त्याहून खूप बारीक आहे, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

परत येऊन महिना झाला. घरी येताना फार काही आणलं नाही: कोकम, थोडे सुके बोंबील, आणि रंगाच्या टवक्याचा एक तुकडा, जो मी फेकायचा विसरले. कारखान्यात मूत्रपिंडं चालूच आहेत, समुद्रघोडाही उभा राहतोय. बदल एकच झालाय. आता कुठल्याही वस्तूवर खड्डा, भोक किंवा खाच दिसली की काका पुट्टीचा डबा उघडत नाहीत. माझ्या टेबलापर्यंत ती वस्तू दोन्ही हातांत धरून आणतात आणि अगदी गंभीरपणे विचारतात,

"अम्मा, हे तुटलंय, का ह्याला हितनं पवायचंय?"