उकडलेलं हाड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आणि मी तर बसल्या जागी चार तास बोलणारा माणूस. ऐका. फक्त मी मान खाली घालीन, अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा गाजलेला किस्सा असा. कोरडं हाड दाबलं की त्यात वीज तयार होते, अगदी चिमूटभर. ही करामत हाडातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाची. एमएस्सीला आम्ही दोघं तेच मोजत होतो — मी आणि कन्नड गावचा युसूफ. युसूफनं कसायाकडून आणलेलं हाड साफ करायला कुकरमध्ये उकडलं. कोलॅजन गेलं पाण्यात, हाड झालं मुकं. सरांसमोर मीटरचा काटा ढिम्म. इथं हशा ठरलेला. वीस वर्षं.

आता खरं सांगू? कुकर माझा होता.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. साफ करायचं म्हणजे उकडायचं — यापलीकडं मला काय कळणार? युसूफनं त्याचं हाड सुरीनं खरवडून सावलीत वाळवलं होतं. माझं बघून तो पोट धरून हसला. "अबे, हे तर पायासूप झालं. मीठ तरी टाकायचं."

संशोधनाची जागा एकच होती. सर तपासायला येण्याआधी तो चहाला गेला, आणि मी दोन्ही हाडांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या बदलल्या. त्याच्या हाडानं माझ्या नावावर काटा हलवला. सर त्याला म्हणाले, "तुम्हाला साधं हाड वाळवता येत नाही?" समोरचं पांढरंफटक हाड बघून युसूफ समजला. माझ्याकडं बघत राहिला. पण पुरावा कुठून आणणार? जागा मला मिळाली. वाईट वाटलं? छे. आनंद झाला, चांगला पोटभर. खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात कन्नडच्या एका कॉलेजात हाच किस्सा रंगवत होतो. कुकरच्या शिट्टीची नक्कलसुद्धा केली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत युसूफ दिसला, शेजारी त्याची मुलगी. अजून नाव घ्यायचं होतं. थांबता आलं असतं — नाव गाळताही आलं असतं. मी घेतलं. पूर्ण नाव, गावासकट.

सभागृह हसलं. युसूफही हसला.

मुलगी हसली नाही. ती बापाकडं बघत होती, आणि तो माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होता.